किती खेळू?

मंडळी, आपल्या मराठी भाषेनं पोटाचे फार लाड केले आहेत. आपण पोटतिडकीनं बोलतो, दुसऱ्याचे अपराध पोटात घालतो, पोटच्या पोराला पोटाशी धरतो आणि पोटापाण्यासाठी गाव सोडतो. पण त्याच पोटात, आतड्यात काही बिघडलं आणि दिवसातून आठ-दहा वेळा संडासला पळावं लागलं, की आपली ही बोलकी भाषा एकदम मुकी होते. ‘जरा पोट बरोबर नाही’ एवढं म्हणून आपण विषय बदलतो. आज मला त्या बदललेल्या विषयावरच बोलायचं आहे. आणि तेही तरुण मुलामुलींच्या बाबतीत.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पुढं कविता करत राहिलो. पण माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला २०२१ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, क्रोन्स नावाचा आजार निघाला. तेव्हापासून कोल्हापूर ते पुणे अशा ज्या फेऱ्या चालू आहेत, त्यांत डॉक्टरांच्या समोरच्या दुसऱ्या खुर्चीवर बहुतेक वेळा मी बसलेलो असतो. तिथं ऐकलेलं, नंतर वाचून पडताळलेलं आणि घरात डोळ्यांनी पाहिलेलं, असं सगळं मिळून हे बोलणं आहे.

या आजाराचं पूर्ण नाव इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज. डॉक्टर मंडळी आयबीडी म्हणतात. आपण आतड्याचा दाह म्हणू. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, शौचावाटे रक्त जातं. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही सूज येऊ शकते, बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. आणि ती अस्तरावर न थांबता आतड्याच्या भिंतीत खोल शिरते. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून ते नाव. मूळ कारण एकच एक सांगता येत नाही. शरीराची राखण करणारी प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, त्यात थोडा वाटा आनुवंशिकतेचा, थोडा आतड्यातल्या जंतूंचा, थोडा आजूबाजूच्या परिस्थितीचा. हा आजार संसर्गाचा नाही. मिसळ खाल्ल्यानं होत नाही. आणि कुणाची नजर लागूनही होत नाही, हे आमच्या घरातल्या थोरल्या बायकांना पटवताना माझे दोन रमजान गेले.

आपल्याकडे एक गुंता आणखी असतो. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे दुर्बिणीतून पाहतानाही इतके सारखे दिसतात, की पुष्कळ रुग्णांना आधी क्षयाची औषधं देऊन पाहावी लागतात. आमच्या पोरानंही ती घेतली. निदानाला असा वेळ जातो, आणि तो जातो नेमका वाढीच्या वयात. हा आजार बहुतेकदा पंधरा ते पस्तीस या वयात डोकं वर काढतो, काहींना त्याही आधी. मग तो कायमचा सोबती. कधी भडका उडतो, कधी महिनोन् महिने उसंत मिळते. ‘भडका’ आणि ‘उसंत’ हे माझे शब्द. आज हे दोन शब्द पुन्हा पुन्हा येणार आहेत, म्हणून आत्ताच सांगून ठेवले.

आता मूळ मुद्दा. असा आजार असलेल्या पोरानं खेळावं की नाही?

कोल्हापुरात हा प्रश्न साधा नसतो. आमच्या गावात पोरगं चालायला लागलं की एक तर तालमीत जातं, नाही तर फुटबॉलमागं धावतं. इथं फुटबॉलचे संघसुद्धा तालमींच्या नावानं खेळतात आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा ओस पडतात. आमचा भाचा गल्लीच्या संघात उजवीकडून खेळायचा. निदान झालं आणि घरात दोन पक्ष पडले. बहिणीचा पक्ष झोपवण्याचा. ‘भाईजान, त्याच्या अंगात रक्त नाही, त्याला पळवून काय मारायचंय?’ दुसरा पक्ष गल्लीतल्या म्हाताऱ्या वस्तादांचा. त्यांनी पोराच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, ‘रोज दोनशे जोर मारत जा, प्वाट लोखंडाचं हुतंय.’

दोघांचं प्रेम खरं. पण दोघांचंही औषध चुकीचं. का, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण घरोघरी हेच दोन पक्ष असतात.

पहिल्यांदा झोपवण्याच्या पक्षाचं पाहू. आतड्याचा दाह नुसता आतड्यात राहत नाही. रक्त जातं, लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून रक्तक्षय होतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग बिघडला की बी-१२ कमी पडतं. अन्न कमी जातं, सुजेमुळं शरीर आतून झिजत राहतं, स्नायू वितळल्यासारखे कमी होतात. मुलांची उंची खुंटते, वयात येणं लांबतं. माझा भाचा दोन वर्षं वर्गातल्या रांगेत पुढं सरकत सरकत पहिला आला. गुणांनी नव्हे, उंचीनं. शिवाय भडका विझवायला जी स्टिरॉइड द्यावी लागतात, ती काम झटपट करतात, पण जास्त दिवस घेतली तर मांड्यांचे स्नायू दुबळे करतात आणि हाडं पोखरतात.

हाडांपाशी मला जरा थांबायचं आहे. आपल्याला वाटतं, हाड म्हणजे दगड; एकदा झालं की झालं. खरं तर हाड सतत मोडत आणि बांधलं जात असतं. एक प्रकारच्या पेशी जुनं हाड खात जातात, दुसऱ्या प्रकारच्या नवं लिंपत जातात. लिंपणाऱ्यांना काम कुठं करायचं हे कसं कळतं? तर भारावरून. ज्या हाडावर जोर पडतो, धक्का बसतो, स्नायू ओढ देतो, तिथं जास्त लिंपण होतं. म्हणूनच अंतराळात वजनाशिवाय तरंगणाऱ्या धडधाकट माणसांचीही हाडं विरळ होतात. आणि आयुष्यभर पुरणारी हाडांची ही पुंजी साठवायची मुदत फार थोडी असते. सुमारे नव्वद टक्के पुंजी वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास जमा झालेली असते. त्यानंतर मुख्यतः खर्चच.

आता हिशेब करा. ज्या पाच-सात वर्षांत हाडाची तिजोरी भरायची, त्याच वर्षांत आजार लुटतो, स्टिरॉइड लुटतात. आणि वर आपण मायेपोटी पोराला गादीवर झोपवून भरणाच बंद करतो. आजार आटोक्यात आल्यावर उंची थोडीफार भरून निघते, वजन येतं, शाळेचं बुडालेलं वर्षही निघतं. पण हाडाची मुदत टळली की ती पूर्णपणे परत मिळत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझी बहीण पहिल्यांदा गप्प झाली.

यावर अभ्यास झालेले आहेत. ब्रिटनमध्ये ११७ क्रोन्स रुग्णांवर वर्षभर केलेल्या एका प्रयोगाचा अहवाल १९९८ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना घरी करायचे हलके व्यायाम दिले होते. सरसकट पाहिलं तर दोन गटांत मोठा फरक दिसला नाही. पण ज्यांनी व्यायाम खरोखर नेमानं केले, त्यांच्या खुब्याजवळच्या हाडाची घनता वाढलेली आढळली. मला हा निकाल आवडतो, कारण तो खोटी आशा दाखवत नाही. कॅनडातल्या २००७ सालच्या एका छोट्या अभ्यासात क्रोन्सच्या सौम्य रुग्णांनी तीन महिने, आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास नुसतं चालायचं होतं. आजार भडकला नाही आणि जगणं सुसह्य झालं. अमेरिकेतल्या २०१५ सालच्या मोठ्या पाहणीत, उसंतीच्या काळात जास्त हालचाल करणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णांत सहा महिन्यांनी भडका उडालेले कमी सापडले. अर्थात ज्याला बरं वाटतं तोच जास्त हिंडतो, तेव्हा कोंबडी आधी की अंडं, हा प्रश्न तिथं उरतोच. शिवाय हे अभ्यास मुख्यतः मोठ्या माणसांवरचे. एवढं मात्र धरून चालता येतं, की बेताच्या व्यायामानं हा आजार भडकतो ही भीती निराधार आहे. आणि व्यायाम हा औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. योगासनं सुरू केली म्हणून गोळ्या बंद केल्या, अशी उदाहरणं मी रुग्णालयाच्या बाकावर ऐकली आहेत आणि त्यांचा शेवट वॉर्डातच झालेला पाहिला आहे.

आता वस्तादांचा पक्ष. घाम गाळला की सगळं बरं, हे त्यांचं तत्त्वज्ञान. पण आपण जोरात पळतो तेव्हा शरीर रक्त पायांकडं पाठवतं आणि आतड्याचा वाटा कमी करतं. मॅरेथॉन पळणाऱ्या धट्ट्याकट्ट्या माणसांनाही वाटेत पोटात कळ येते, जुलाब होतात, ते यामुळंच. मग ज्याचं आतडं आधीच सुजलेलं आहे, अंगात पाणी कमी आहे, रक्त कमी आहे, ताप आहे, त्यानं दोनशे जोर मारणं म्हणजे टायर पंक्चर असताना गाडी रेटणं. रक्तक्षय असताना हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त धडधडावं लागतं, हे विसरून चालत नाही.

म्हणजे प्रश्न खेळू का, हा नाही. किती खेळू, हा आहे. आणि त्याचं उत्तर ऋतूप्रमाणं बदलतं.

भडक्याच्या दिवसांत, म्हणजे ताप, रक्त, तीव्र कळा, रात्री उठून पळावं लागणं असं असताना, मैदान बंद. त्या दिवसांत घरातल्या घरात, व्हरांड्यात सावकाश चालणं, अंग ताणणं, श्वासाचे साधे व्यायाम. झेपेल तेवढंच. पण डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली नसेल तर दिवसभर आडवं पडून राहणं नको. अंथरुणात स्नायू फार लवकर जातात.

भडका ओसरू लागला की खरी कसोटी लागते, कारण पोरांना घाई असते. आमच्या पोरानं स्टिरॉइड चालू असताना बैठका मारायला घेतल्या आणि सहाव्या बैठकीला खाली बसला तो उठेनाच. घाबरला. मांड्यांचे मोठे स्नायू स्टिरॉइडमुळं दुबळे झाले असले की असं होतं. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं, जिना चढणं, मग अर्ध्या बैठका, असा उलटा जिना त्याला आठवडाभर नव्हे, दोन महिने चढावा लागला. रंकाळ्याभोवती आधी एका बाजूनं जाऊन परत, मग पूर्ण फेरी. फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी अंग कसं आहे, ही खूण धरायची. काल केलं त्यानं आज उठवत नसेल तर काल जास्त झालं.

आणि उसंतीत? उसंतीत ही मुलं इतर मुलांसारखीच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलेलं प्रमाण पाच ते सतरा वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी आहे: रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारी. हाडांसाठी जमिनीवर पाय आपटणारे खेळ उपयोगाचे. दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, फुटबॉल, नाच. आपल्या बापजाद्यांचे जोर-बैठकाही याच कामाच्या, फक्त दोनशेपासून सुरुवात करायची नाही. पोहणं आणि सायकल दमसासाला चांगली. गुडघे-घोटे सुजत असतील तर पोहण्यासारखं सुख नाही. मात्र ही दोन्ही हाडांवर भार टाकत नाहीत, तेव्हा त्यांच्या जोडीला दुसरं काही हवं. क्रोन्सच्या काही रुग्णांना गुदद्वारापाशी भगंदर होतं. त्यांनी सायकलच्या हट्टाला पेटू नये. शस्त्रक्रिया होऊन पोटावर पिशवी बसवलेली मुलंही पळतात, पोहतात. त्यांनी जखम भरेपर्यंत वजन उचलायचं नाही, आणि पुढंही उचलायचं ते विचारून. हर्नियाचा धोका असतो.

आता थोडं मोठ्या नावांबद्दल. ब्रिटनचा नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह याला १९९२ साली अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचं कळलं, पुढं १९९७ साली मधुमेह झाला, आणि तरी २००० साली सिडनीत त्यानं पाचवं ऑलिम्पिक सुवर्णपदक घेतलं. अमेरिकेच्या कॅथलीन बेकरला शाळकरी वयात क्रोन्स निघाला. २०१६ साली रिओमध्ये तिनं शंभर मीटर बॅकस्ट्रोकचं रौप्यपदक मिळवलं आणि २०१८ साली त्याच शर्यतीत जागतिक विक्रम केला. ही नावं सांगताना मला थोडी धास्तीच वाटते. कारण ती ऐकून घरची माणसं पोराला म्हणतात, ‘बघ, तो सुवर्णपदक घेतो आणि तुला शाळेत जायला होत नाही!’ या आजारात थकवा हा वेगळाच प्रकार असतो. उसंतीतही तो जात नाही आणि बाहेरून दिसत नाही. त्याला आळस म्हणू नये.

माझ्या भाच्याला जवळचा वाटला तो डॅरेन फ्लेचर. मँचेस्टर युनायटेडचा मधल्या फळीतला खेळाडू. त्याच्या गैरहजेरीला आधी विषाणूचं कारण दिलं जात होतं. डिसेंबर २०११ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे हे क्लबनं जाहीर केलं. २०१३च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो पुन्हा मैदानात उतरला. पोरानं हे सगळं वाचलं आणि मला म्हणाला, ‘मामू, म्हणजे तो पण लपवत होता.’ त्याला पुनरागमनाचं विशेष वाटलं नाही, लपवण्याचं वाटलं.

कारण मैदान सोडायला लावते ती कळ नव्हे, लाज. मैदानाजवळ संडास नसतो. असला तर त्याला कुलूप असतं. पी.टी.च्या तासाला तीनदा परवानगी मागितली की सर चेष्टा करतात आणि पोरं हसतात. एका शाळेत तर आमच्या पोराला ‘कायमची सूट’ देऊन तासभर वर्गात एकट्याला बसवून ठेवत. वरून ती सवलत, आतून ती हकालपट्टी. मुलींचं तर विचारूच नका. निरोगी मुलीसुद्धा स्वच्छतागृहाच्या नावानं दिवसभर पाणी पीत नाहीत, मग हा आजार असलेली मुलगी मैदानावर येईल कशाला? क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे की या मुलांना न विचारता जाऊ द्या. किल्ली त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवा. शेवटची वीस मिनिटं खेळवा, पंच करा, पण संघाच्या कागदावर नाव राहू द्या.

काही व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. सामन्याच्या आधी दोन-तीन तास काय खाल्लं तर पोट शांत राहतं, हे ज्याचं त्यानं वहीत लिहून ठरवावं. एकाला दूध चालतं, दुसऱ्याला नाही. कोल्हापुरात राहून मी हे म्हणू नये, पण सामन्याआधी तांबडा रस्सा नको. पाणी घोट घोट, आणि जुलाब होत असतील तर ओआरएस. रोज्याबद्दलही पुष्कळ जण विचारतात. आजाऱ्याला रोज्यातून सवड धर्मानंच दिली आहे. रोजा ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं, आणि ठेवलाच तर त्या दिवशी संध्याकाळी उपाशीपोटी फुटबॉल नको. अझाथायोप्रिन घेणाऱ्यांनी दुपारचं ऊन टाळावं, टोपी, पूर्ण बाह्या वापराव्यात, कारण या औषधानं त्वचेला उन्हाचा धोका वाढतो. सहा महिन्यांनी वा वर्षानं डॉक्टरांकडं जाल तेव्हा हिमोग्लोबिन, लोह, ड जीवनसत्त्व यांची चौकशी आपणहून करा आणि हाडांची डेक्सा तपासणी हवी का, तेही विचारा.

सगळ्यांत महत्त्वाचं, आणि मैदानावर हमखास विसरलं जाणारं. पाय मुरगळला की आपल्याकडं लगेच आयबुप्रोफेन नाही तर डायक्लोफेनॅकची गोळी देतात, दवाखान्यात नेलं तर इंजेक्शन टोचतात. ही वेदनाशामकं या आजारात भडका उडवू शकतात. बर्फ लावावा, पाय बांधावा, आणि गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल चालेल का हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. भाच्याच्या किटबॅगेत बुटांच्या खाली एक जास्तीची चड्डी, कागदाचा गुंडा, ओआरएसची दोन पाकिटं आणि एक प्लॅस्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी असते. आजाराचं नाव, चालू औषधं, आणि खाली लाल शाईत कुठली इंजेक्शनं द्यायची नाहीत ते. तिची एक झेरॉक्स त्यांच्या गोलकीपरकडंही असते.